फांदी, कोयता आणि कायदा

मुंबई-गोवा महामार्गाने पळस्पे फाटा ओलांडून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव वसले आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ साली तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. शाळांच्या सहली शिरढोणला येतात त्या फडक्यांचे घर पाहण्यासाठी. आज आपण मात्र या गावाच्या परिसराकडे एका साध्या, घरगुती प्रश्नाचे बोट धरून वळणार आहोत. दारच्या झाडाची फांदी कोणी तोडावी, केव्हा तोडावी आणि कशी तोडावी?

प्रश्न साधा असला तरी दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तो प्रत्येक वाडीत उभा राहतो. आंब्याची फांदी कौलांवर टेकलेली असते, चिंचेचा डहाळा विजेच्या तारेला भिडलेला असतो आणि पाऊस आठ दिवसांवर आलेला असतो. मग रस्त्याने जाणाऱ्या कोणालातरी हाक मारली जाते. तो कोयता घेऊन वर चढतो आणि तासाभरात झाडाचे मुंडण करून उतरतो. अंगणात उजेड येतो, घरधनी समाधानाने पैसे मोजतो. दोन पावसाळे उलटतात, छाटलेल्या टोकांतून काठ्यांसारखे असंख्य धुमारे उसळतात, झाड पूर्वीपेक्षा दाट होते आणि आतून मात्र कुजू लागते. याउलट काही घरांत झाडाला हात लावायचाच नाही, असा नेम असतो. तिथली वाळकी फांदी एखाद्या वादळी रात्री आपणहून खाली येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा माड, पोफळी आणि आंबे किती घरांवर कोसळले, हे त्या दिवशी ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत.

मुंडण आणि दुर्लक्ष या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणपणाची वाट होती. कोकणच्या शेतकऱ्याला ती चांगली ठाऊक होती. ती वाट कशी मोडली, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आज्ञापत्रातील आंबा-फणस

झाड आणि सत्ता यांच्या संबंधाविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे स्थान फार वरचे आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रचलेल्या या राजनीतिपर ग्रंथात आरमाराच्या लाकडाविषयी सूचना आहेत. गलबतांना सागवानी व इतर लाकूड लागते, ते रीतसर परवानगीने आणावे. परंतु रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा त्यांचा आशय आहे. कारणही दिले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच ते तोडावे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. झाडाची गरज राज्याला आहे, हे अमात्यांना मान्य आहे. तरीही झाडावरचा पहिला शब्द ज्याने ते वाढवले त्याचा आहे, हे त्यांनी गृहीत धरले आहे. पुढील दीड शतकात नेमके हेच गृहीत बदलले.

राबाची टहाळ

पनवेलच्या परिसरातील जमीन पूर्वापार दोन प्रकारची. खाली भाताची खाचरे आणि खाजणे, वर डोंगरउतारावरची वरकस. या वरकस जमिनीत ऐन, किंजळ यांसारखी झाडे शेतकरी मुद्दाम राखत असे. ती लाकडासाठी जेवढी राखायची, त्याहून अधिक राबासाठी.

राब म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागेल. भाताची रोपे ज्या तुकड्यात तयार करायची, त्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, झाडांची टहाळ आणि गवत यांचे थर रचत. वर थोडी माती पसरून वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन ते सावकाश जाळत. पावसाच्या तोंडावर त्याच भाजलेल्या जमिनीत बी पेरले जाई. राखेमुळे रोपांना खत मिळे, आंचेमुळे तणांचे बी मरे आणि माती भुसभुशीत होई. पाऊस सुरू झाला की चिखलात तण काढत बसायला सवड नसते. म्हणून हा सारा खटाटोप उन्हाळ्यातच उरकलेला बरा. डॉ. जॉन व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने भारतीय शेतीवरील १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली आहे. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये राबावर स्वतंत्र शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे टहाळ तोडण्याची रीत. दक्षिण कोकणात तिला कवळ तोडणे म्हणतात. शेतकरी ऐनावर चढे, अंगठ्याएवढ्या किंवा मनगटाएवढ्या फांद्या धारदार कोयत्याने एका घावात उतरवी आणि शेंडा राखी. पुढच्या खेपेस त्याच जागेवरून फुटलेली नवी टहाळ निघे. कोकणच्या उतारांवर अंगावर आखूड फांद्या आणि डोक्यावर तुरा अशी उभी असलेली ऐनाची झाडे काही ठिकाणी आजही दिसतात, ती याच छाटणीची खूण आहे. झाड लहानपणापासून छाटले जात असल्याने त्याच्या जखमा नेहमी लहान असत. ऐन हे मुळातच जोमदार फुटणारे झाड, त्यामुळे ते ही छाटणी सोसून उभे राही. तोडणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडाकडे यायचे असे. म्हणून झाड मरणार नाही, ही काळजी त्याच्या हातात मुरलेली होती.

फांदी तोडणे गुन्हा ठरले

इंग्रजी अंमलात लाकडाची भूक वाढली. जहाजे होतीच, १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यावर स्लीपरांसाठी लाकूड हवे झाले. मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. १८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारचे वनखाते स्थापन झाले, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये त्याहून पुष्कळ कडक असा दुसरा. जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पडले. राखीव जंगलात झाड पाडणे, त्याची साल काढणे, ते जाळणे आणि त्याची फांदी छाटणे ही सगळी कृत्ये एकाच ओळीत गुन्हे म्हणून येऊन बसली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. स्वतःच्या वरकसातील ऐनाला जपणारा माणूस सरकारी जंगलात तितकाच हात राखून तोडील, असे नव्हते. गावाजवळची जंगले ओरबाडली जात होती, झाडे खुरटत होती. परंतु त्यावर जो उपाय योजला गेला, त्यात जपून छाटणारा आणि ओरबाडणारा यांच्यात फरकच उरला नाही.

लोकांनी तक्रारी केल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने नव्या वनकायद्याला विरोध नोंदवला. १८७६-७७ च्या दुष्काळाने हादरलेला तो काळ होता. १८७९ च्या फेब्रुवारीत शिरढोणच्या वासुदेव बळवंतांनी बंडाचे निशाण उभारले, ते याच वर्षांत. त्यांच्या बंडाचा वनकायद्याशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही, पण रयतेच्या ज्या हलाखीने ते पेटून उठले तिच्यात जंगलाचे दुःखही मिसळलेले होते. १८८३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने शेतकऱ्याची कशी कोंडी केली, हे आपल्या रोखठोक भाषेत मांडले आहे. त्याच वर्षी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेला. जिल्हा बदलला, गाऱ्हाणे तेच राहिले. अखेर १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारी हा त्याच्या चौकशीचा गाभा होता आणि त्यात राबाच्या टहाळीचा प्रश्न अग्रभागी होता. १८८७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. एका साम्राज्याला झाडाच्या फांद्यांसाठी आयोग बसवावा लागला, यावरून त्या फांद्यांचे मोल कळून येईल.

चिरनेरचा डोंगर

पुढच्या पिढीने हे गाऱ्हाणे वेगळ्या रीतीने मांडले. १९२७ च्या वनकायद्याने जुनीच बंधने कायम ठेवली होती. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची लाट देशभर पसरली. तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या मुलखाने जंगलचा कायदा मोडायचे ठरवले. त्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी विदर्भात पुसदला जंगल सत्याग्रह केला. कुलाबा जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आगरी, कोळी, कातकरी आदी समाजांतील लोक जंगलतोडीची बंदी मोडण्यासाठी जमले. पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशीच्या आठ हुतात्म्यांचे स्मरण चिरनेरला दर वर्षी केले जाते. चिरनेर आज उरण तालुक्यात आहे. शिरढोणहून ते फार लांब नाही.

चिरनेरचा इतिहास आपण स्वातंत्र्यलढ्याचा एक अध्याय म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या डोंगरावर ज्या हातांत कोयते होते, ते हात टहाळ तोडण्यात तरबेज असलेल्या माणसांचेही होते, याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

सवय तुटली

स्वातंत्र्यानंतर राज्याने झाडांच्या रक्षणासाठी आपले कायदे केले. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ अशा अनुसूचित झाडांच्या तोडीसाठी परवानगी आवश्यक केली. १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांसाठी झाडांचे संरक्षण व जतन करणारा कायदा आला. वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी ही पदे त्यानेच निर्माण केली. या कायद्याच्या व्याख्येत झाड तोडणे याचा अर्थ व्यापक आहे. झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे हेही त्यात येते. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. शिरढोणच्या शेजारीच १९६८ मध्ये कर्नाळ्याचे जंगल पक्षी अभयारण्य झाले. या सर्वांची गरज होती, याविषयी शंका नाही. कुऱ्हाडीचा वेग पाहता कायदा नसता तर काय उरले असते, याची कल्पना करवत नाही.

मात्र याच काळात छाटणीची सवय आणखी एका बाजूने तुटली. रासायनिक खते आली आणि राब मागे पडला. स्वयंपाकघरात गॅसचे सिलिंडर आले, सरपणाची गरज संपली. कारखाने आणि वसाहती उठल्या, वरकस जमिनी विकल्या गेल्या, तरुण नोकरीला लागले. आपल्या वसईपासून अलिबागपर्यंतच्या वाड्यांची कथा याहून वेगळी नाही. पूर्वी जी फांदी दर वर्षी थोडी थोडी निघत असे, ती आता वीस-वीस वर्षे तशीच वाढू लागली. अंगठ्याएवढी होती ती मांडीएवढी झाली, आणि मग एके दिवशी तिच्यावर तोच कोयता चालवण्यात आला. कोयता अंगठ्याएवढ्या फांदीसाठी आहे. मांडीएवढ्या फांदीवर त्याचे दहा घाव बसतात, लाकूड फाटते, साल सोलून निघते. हत्यार जुनेच राहिले, काम मात्र बदलले.

झाडाची जखम

झाडाची जखम कशी भरते, याचे उत्तर विज्ञानाने तसे अलीकडेच दिले. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे करवतीने उभी चिरून आतील कूज कशी पसरते, ते पाहिले आणि १९७७ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. माणसाची कातडी भरून येते, तसे झाडाचे लाकूड भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतल्या आत भिंती घालते, कुजका भाग कोंडून ठेवते आणि त्यावर नवे लाकूड वाढवते. जखम लहान असेल तर भिंत टिकते. जखम मोठी असेल, किंवा भिंत घालण्याची जागाच कापली गेली असेल, तर कूज खोडात उतरते.

ही जागा म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथला किंचित फुगलेला घेर. त्याच्या बाहेरून, पण त्याला लागून काप घ्यायचा असतो. खोडाशी सपाट कापले तर तो घेर जातो. लांब खुंट ठेवला तर तो खुंट कुजून कूज आत नेतो. जड फांदी एका कापात काढू नये. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने अर्धवट काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी उतरवावी, आणि शेवटी उरलेला खुंट घेराबाहेरून काढावा. असे केल्याने फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही. कापावर डांबर किंवा रंग फासण्याची आपल्याकडची पद्धतही शायगो यांच्या संशोधनाने निरुपयोगी ठरवली. ढोलीत सिमेंट भरण्यानेही झाडाला बळ येत नाही. एका वर्षात झाडाच्या हिरव्या पानोऱ्याचा चौथा हिस्सा, ही साधारण मर्यादा मानली जाते. जून झालेल्या झाडाच्या बाबतीत त्याहूनही कमी छाटावे.

मग राबाचा ऐन इतकी छाटणी कशी सोसत होता, असा प्रश्न पडेल. उत्तर वर येऊन गेले आहे. लहानपणापासूनची सवय, लहान जखमा आणि ठरलेली जागा. शायगोंचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्याने त्यांच्या सिद्धान्ताचे मर्म अनुभवाने ओळखले होते.

प्रत्येक छाटणीला हेतू असतो

योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेलीचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. तिथला माळी फळ देणाऱ्या फांदीचीही छाटणी करतो, ती तिला अधिक फळ यावे म्हणून. नाशिकचा द्राक्ष बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलची खरड छाटणी वेलीची काडी तयार करण्यासाठी असते, तर ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या, उंच गेलेल्या हापूस बागांच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीची रीत सांगितली आहे. तीत छाटणी मोठी असते, पण नंतरचे खत, खोडकिड्याचा बंदोबस्त आणि नव्या फुटव्यांची विरळणी यांचे वेळापत्रक तिच्यासोबत असते. माडाची गोष्ट निराळी. त्याला वाढीचा एकच कोंब असतो. पाडेली वर चढून वाळक्या झावळ्या आणि पोयांचा कचरा काढतो, कोंबाला धक्का लावत नाही. कारण तो गेला की माडच गेला.

तेव्हा घरधन्याने झाड छाटायला माणूस बोलावण्यापूर्वी स्वतःला पहिला प्रश्न विचारावा, तो हेतूचा. वाळकी फांदी काढायची आहे, घरावरचा भार कमी करायचा आहे, की केवळ पाने झाडण्याचा कंटाळा आला आहे? दुसरा प्रश्न परवानगीचा. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अन्यत्र ग्रामपंचायतीत आणि वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. हे मे महिन्याच्या अखेरीस न करता हिवाळा संपता संपता केले, तर घाई होत नाही. तिसरा प्रश्न माणसाचा. त्याच्याकडे करवत आहे का, कमरेला दोर आहे का, फांदी दोराने बांधून उतरवणार की नुसती खाली सोडणार? तार जवळ असेल तर वीज बंद करवून घेतल्याखेरीज कोणालाही वर चढू देऊ नये. फांदीवर घरटे असेल तर पिले उडेपर्यंत थांबावे. आणि सगळा शेंडा उडवून देतो, म्हणजे पुन्हा बघायला नको, असे जो म्हणेल त्याला नम्रपणे परत पाठवावे. पुन्हा बघायला लागणे, हीच तर झाड सांभाळण्याची खरी रीत आहे.

अमात्यांनी झाडाच्या धन्याला मान दिला. १८७८ च्या कायद्याने त्याला चोर ठरवले. आजच्या कायद्याने त्याला अर्जदार केले आहे. अर्जदार होण्यात कमीपणा नाही; परंतु अर्ज लिहिणाऱ्याला आपल्या झाडाची ओळख असली पाहिजे. ती ओळख कोणतेही कार्यालय देऊ शकत नाही. वर्षातून एकदा झाडाखाली उभे राहून, मान वर करून, कोणती फांदी वाळली, कोणती घासते आहे, कोणती उद्या जड होणार आहे, एवढे पाहिले तरी ती पुन्हा येऊ लागते.

शिरढोणला फडक्यांचे घर पाहायला जाल, तेव्हा परतताना कर्नाळ्याच्या बाजूच्या उतारांकडेही एकवार नजर टाकावी. डोक्यावर तुरा आणि अंगावर जुन्या घावांच्या गाठी असलेला एखादा ऐन दिसला, तर क्षणभर थांबावे. त्याच्या प्रत्येक गाठीखाली एक वर्षाचा राब आहे आणि त्या राबावर वाढलेले एक भाताचे पीक आहे. इतक्या वेळा तोडूनही तो उभा आहे, कारण तोडणाऱ्याला पुढच्या वर्षी परत यायचे होते.